पुलाची घाई आणि गावाचा वेळ

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री रामेश्वरमच्या बेटाला चक्रीवादळाने गाठले. धनुष्कोडीकडे निघालेली पॅसेंजर गाडी शंभराहून अधिक प्रवाशांसह समुद्राने ओढून नेली आणि बेटाला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या पांबन पुलाच्या १४५ पैकी १२६ गर्डरची वाताहत झाली. दुरुस्तीला रेल्वेने आधी सहा महिन्यांची मुदत ठरवली, मग ती तीन महिन्यांवर आणली. ज्या तरुण अभियंत्यावर हे काम सोपवले होते त्या ई. श्रीधरन यांनी समुद्रात बुडालेले गर्डर शोधून काढले, पुन्हा जागेवर बसवले आणि ४६ दिवसांत पुलावरून गाडी धावू लागली. भारतीय रेल्वेच्या इतिहासात हा पराक्रम अभिमानाने सांगितला जातो, आणि तो आहेही तसाच. त्याच वादळाने धनुष्कोडी हे गावही पुसून टाकले होते. तिथे स्टेशन होते, पोस्ट होते, शाळा होती, देऊळ आणि चर्च होते. मद्रास सरकारने ती जागा वस्तीसाठी अयोग्य ठरवली आणि काही मच्छिमारांच्या झोपड्या सोडल्या तर ते गाव पुन्हा कधीच उभे राहिले नाही. एकच वादळ, एकच किनारा. पूल दीड महिन्यात सावरला, गाव साठ वर्षांतही नाही.

मनमाडच्या वाचकाला यातला पुलाचा भाग लगेच पटेल. हे गावच रुळांनी घडवले. मुंबई-भुसावळ मार्ग, दौंडकडे आणि मराठवाड्याकडे जाणारे फाटे, अन्न महामंडळाची गोदामे, आणि रेल्वे पुलांचे गर्डर तयार करणारा मध्य रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना, एवढ्या गोष्टींभोवती इथली तीन-चार पिढ्यांची रोजीरोटी फिरली. डबे घसरले, रुळाखालची खडी वाहून गेली, ओव्हरहेड वायर तुटली, तर ब्लॉक घेऊन काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत मार्ग मोकळा होतो, हे इथे लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणून २९ नोव्हेंबर २०२३ रोजी पुणे-इंदूर महामार्गावरच्या शहरातल्या रेल्वे उड्डाणपुलाचा भाग ढासळला, गाव दोन तुकड्यांत विभागले गेले आणि अवजड वाहतूक लांबच्या रस्त्यांनी वळवावी लागली, तेव्हा लोकांचा संताप दिवस मोजत वाढत गेला. तो संताप रास्त होता, कारण पूल ही लवकर सावरता येणारीच गोष्ट आहे. घोटाळा होतो तो पुढे. हीच फूटपट्टी आपण संकटात मोडलेल्या गावांना लावतो. किल्लारीला इतकी वर्षे का लागली, श्रीवर्धन अजून का सावरले नाही, चिपळूणचे काय झाले, असे विचारताना आपल्या मनात एक पूल असतो आणि त्याच्या दोन टोकांना उभा असलेला एक कार्यक्षम अभियंता.

पांबनचा पूल ४६ दिवसांत उभा राहिला यात श्रीधरन यांच्या कर्तृत्वाचा वाटा मोठा आहे, पण दुसरे कारण त्याहून साधे आहे. पुलाचा मालक एक होता. जागेबद्दल वाद नव्हता, नकाशा तयार होता, पैसा एकाच तिजोरीतून येत होता आणि पूल कुठे बांधावा हे पुलाला विचारावे लागत नव्हते. गावात यातले काहीच नसते. एका घराला चार वारस असतात, त्यातला एक मुंबईत, एक सुरतेत. एकाच भिंतीवर दोन घरांचे छप्पर टेकलेले असते. भाडेकरू चाळीस वर्षे राहत असतो आणि त्याच्याकडे साधी पावतीही नसते. देवळाची जागा कोणाची, विहिरीची वाट कोणाच्या परड्यातून, हे सगळे तोंडी ठरलेले असते आणि संकटाच्या दिवशी ते तोंडच बंद होते. अशा गावाला पुन्हा उभे राहायला वेळ लागणे हे आपोआप अपयश ठरत नाही. किती वर्षे लागली यापेक्षा ती वर्षे कशात गेली हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्रातल्या पुनर्वसनांकडे या नजरेने पाहिले तर एक विचित्र गोष्ट दिसते. जिथे सरकारने थांबून, विचारून, तपासून पुढे जायला हवे होते तिथे त्याने घाई केली. आणि जिथे धावत सुटायला हवे होते तिथे ते कागद मागत बसले. मंदगतीची तक्रार आपण सरसकट करतो, त्यामुळे या दोन चुका एकमेकींच्या आड लपून राहतात.

किल्लारीचे उदाहरण सर्वांत मोठे आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसे दगावली. यातली बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. यंत्रणा त्या वेळी खरोखर वेगाने हलली. मदत पोहोचली, तात्पुरते निवारे उभे राहिले, जागतिक बँकेचे कर्ज मिळाले आणि मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला गेला. त्यात दोन वाटा होत्या. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी नव्याने बांधायची, ही एक. आणि ज्या गावांत घरे तडकली होती पण उभी होती तिथे, सुमारे दोन लाख घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे, ही दुसरी. पहिल्या वाटेवर कंत्राटदार होते, देणग्या देणाऱ्या संस्था होत्या, कोनशिला होत्या, छायाचित्रे होती. देशभरातल्या संस्थांमध्ये गावे दत्तक घेण्याची चढाओढ लागली. दुसऱ्या वाटेवर फक्त घरमालक होता, त्याच्या खात्यात हप्त्याने येणारे पैसे होते, गावातला गवंडी होता आणि महिला मंडळांतून नेमलेल्या संवाद सहायक बाया होत्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने या बायांचे जाळे गावोगाव उभे केले होते.

पहिल्या वाटेवरच्या घरांचे आकार जमिनीच्या मालकीवर ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४५०, मोठ्या बागायतदाराला ७५०. भूकंपाने एका रात्रीत सगळ्यांना सारखे केले होते. सरकारने ती विषमता चौरस फुटांत मोजून पुन्हा वाटून दिली. (ज्याने हा तक्ता बनवला त्याला यात काही वावगे वाटले नसेल, कारण तक्ता नीटनेटका होता.) नव्या गावांची आखणी शहरातल्या वसाहतीसारखी झाली: सरळ रेषेतले रुंद रस्ते, सुटे सुटे भूखंड, जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसारा. बैल, कडबा, चूल, पडवी यांना त्या नकाशात जागा नव्हती. शेत लांब गेले, शेजार तुटला, आणि एवढ्या पसरलेल्या गावाला पाणी, दिवे, गटारे पुरवणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर गेले. मग लोकांनी त्या पक्क्या खोल्यांच्या पुढेमागे पत्रे ठोकून आपल्याला हवे तसे घर वाढवले. दुरुस्तीच्या वाटेवर काम सावकाश चालले, कटकटी झाल्या, हप्ते अडकले, अभियंत्याशी भांडणे झाली. पण त्या घरांत लोक पहिल्यापासून राहत होते, कारण ती त्यांनीच, आपल्या जागेवर, आपल्या सोयीने उभी केली होती. गतीच्या स्पर्धेत पहिली वाट जिंकली असे म्हणता येईल. पुनर्वसनाचा हेतू लोकांनी नीट राहणे हा असेल, तर निकाल बराच वेगळा लागतो.

माळीणची गोष्ट लहान असली तरी तिने हाच धडा दिला. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले हे गाव डोंगर कोसळून गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. नव्या माळीणचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ ला झाले. पावणेतीन वर्षे ही काही घाई नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ही पावणेतीन वर्षे गेली कशात? योग्य जागा मिळवण्यात, ती संपादित करण्यात, मंजुऱ्यांत. उताराच्या जमिनीवर भराव घालून केलेल्या सपाटीने एक पावसाळा सोसून दाखवावा आणि मगच माणसे तिथे आणावीत, एवढा धीर मात्र शेवटी उरला नाही. जून २०१७ च्या पहिल्याच मोठ्या पावसात भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या, संरक्षक भिंतींना तडे गेले. ज्यांनी एकदा डोंगर अंगावर घेतला होता, त्यांना पुन्हा रात्री जागून काढाव्या लागल्या. पैसे खर्च झाले, घरेही मजबूत बांधली गेली होती. चुकले ते इतकेच की जमिनीला जो वेळ द्यायचा तो उद्घाटनाच्या तारखेने खाल्ला.

आता दुसरी बाजू, कोकणातली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह जमिनीवर आले आणि उत्तर महाराष्ट्राकडे सरकत विरले. टाळेबंदी चालू होती, मुंबईहून गावी आलेली माणसे घरात कोंडलेली होती, आणि डोक्यावरची कौले व पत्रे उडून गेले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. जुन्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला ९५ हजार १०० रुपये होते; राज्याने ती रक्कम दीड लाखावर नेली, हे मान्य करायला हवे. खरी कसोटी बागांची होती. त्या किनाऱ्यावरचे कुटुंब घरावर जगत नाही, वाडीवर जगते. नारळ-सुपारीची वाडी उन्मळून पडली की नवे रोप लावून उत्पन्न हाती यायला सात-आठ वर्षे सहज जातात. निसर्गाचा हा वेळ कोणताही सचिव कमी करू शकत नाही. सरकारच्या हातात होते ते एवढेच, की मधली वर्षे कुटुंब तगेल अशी रक्कम लवकर हाती द्यायची.

मदत जाहीर झाली ती हेक्टरवर: बहुवार्षिक बागांना हेक्टरी ५० हजार रुपये. कागदावर हा आकडा बरा दिसतो. पण कोकणातल्या वाड्या हेक्टरात नसतात, गुंठ्यांत असतात. एका हेक्टरात साधारण शंभर गुंठे धरले तर पाच गुंठ्यांच्या वाडीला जेमतेम अडीच हजार रुपये येतात. पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीही त्यात भागत नाही. दाट लावलेल्या छोट्या वाडीत एका गुंठ्यात किती सुपाऱ्या उभ्या असतात हे मंत्रालयातल्या तक्त्याला दिसत नव्हते. ओरड झाल्यावर नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये असा हिशेब नंतर आला. त्यातही दुसरी गाठ होतीच. सातबाऱ्यावर सामायिक खाते, त्यात डझनभर सहहिस्सेदार, अर्धे मुंबईत, काही हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. मदत घ्यायची तर सगळ्यांची संमती आणा. जो माणूस प्रत्यक्ष वाडी राखतो, शिंपतो, पाडप करतो, त्याचे नाव पंचनाम्यात असले तरी पैसे कोणत्या खात्यात टाकायचे हा प्रश्न तलाठ्याच्या टेबलावर पडून राहतो. ही दिरंगाई झाडाच्या वाढीसारखी अपरिहार्य नव्हती. ती पूर्णपणे माणसांनी केलेली होती. आणि वर्षभराच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ त्याच किनाऱ्याजवळून गेले तेव्हा कित्येकांची नवी लागवड पुन्हा आडवी झाली.

कागदाची ही मंदगती किती लांब जाऊ शकते याचा दाखला पुण्यात आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला धरणे फुटली. पूरग्रस्तांना निसन हटमध्ये हलवले, मग वसाहती झाल्या, सहकारी सोसायट्या झाल्या. लोक डोक्यावर छप्पर घेऊन त्या मानाने लवकर स्थिरावले. पण ज्या जमिनीवर ते स्थिरावले तिच्या मालकी हक्काचा प्रश्न पुढची पन्नासहून अधिक वर्षे शासनदरबारी फिरत राहिला. पूर पाहिलेली पिढी गेली, नातवंडे अर्ज करत राहिली. तळियेचेही पाहा. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या त्या वाडीवर दरड कोसळली. दोन पावसाळे उलटले तरी वाचलेली कुटुंबे लोखंडी कंटेनरमध्ये राहत होती. कोकणच्या मे महिन्यात लोखंडी पेटीत राहणे म्हणजे काय, याचा अंदाज निर्णय घेणाऱ्यांना नसेल असे नाही. तरीही तसे झाले.

यावर पहिला आक्षेप येईल तो माणुसकीचा. लोक ताडपत्रीखाली भिजत असताना ‘सावकाश विचार करा’ असे सांगणे हा पोटभरल्या माणसाचा शहाणपणा आहे. आक्षेप बिनतोड दिसतो. मात्र तो निवारा आणि गाव यांना एकच समजतो. निवारा दिवसांत द्यायचा असतो आणि तो खराखुरा राहण्याजोगा असायला हवा: उन्हाळ्यात तापणार नाही, शेतापासून दूर नसेल, गुरे बांधता येतील असा. घराचा पहिला हप्ता आठवड्यांत द्यायचा असतो. असा निवारा आणि हातात पैसा असेल तर गाव कुठे आणि कसे वसवायचे हे ठरवायला वर्ष-दीड वर्ष घेणे कोणावर अन्याय करत नाही. उलट निवारा वाईट असला की लोकच म्हणू लागतात, कसलेही घर द्या पण लवकर द्या. आणि त्या हतबलतेचा आधार घेऊन नको ती जागा, नको तो आराखडा त्यांच्या गळ्यात मारला जातो. निवाऱ्यातली हयगय ही पुढच्या घाईची पूर्वतयारी असते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: वेळ गेला की माणसे निघून जातात आणि मग गाव कोणासाठी बांधायचे? अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सकडे बोट दाखवले जाते. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना चक्रीवादळानंतर तटबंध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. २००० साली ४ लाख ८४ हजारांवर असलेली लोकसंख्या २०१० च्या गणनेत ३ लाख ४३ हजारांवर आली. पण ही माणसे चर्चा लांबल्यामुळे गेली का? घरमालकांसाठीच्या ‘रोड होम’ योजनेत मदतीची रक्कम घराची वादळापूर्वीची किंमत किंवा नुकसानीचा खर्च, यांतल्या कमी आकड्यावर ठरत होती. गरीब आणि काळ्या वस्त्यांत घरांच्या किमती मुळातच कमी; त्यामुळे तेवढीच पडझड होऊनही त्यांच्या हाती कमी पैसे आले आणि घर बांधणे जमले नाही. प्रकरण न्यायालयात गेले, २०११ मध्ये तडजोड झाली, तोवर बरीच कुटुंबे दुसऱ्या राज्यांत रुजली होती. किल्लारीचा चौरस फुटांचा तक्ता, श्रीवर्धनचा हेक्टरी दर आणि न्यू ऑर्लिन्सचे हे सूत्र एकाच जातकुळीचे आहेत: तिघेही गमावलेल्या गोष्टीऐवजी मालमत्तेचा आकार मोजतात. माणसे या सूत्रांमुळे जातात.

त्याच शहरात २००६ च्या जानेवारीत एक नकाशा छापून आला. सखल वस्त्यांवर हिरवे ठिपके होते. तिथे उद्याने करावीत अशी सूचना होती. पुराच्या शास्त्राने पाहिले तर सूचना वेडगळ नव्हती. पण ज्यांच्या घरावर ठिपका पडला त्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांचे पुढे काय हेही सांगितले नव्हते, आणि लोक असे पेटले की योजना बाजूला ठेवावी लागली. याची मराठी आवृत्ती आपण चिपळूणमध्ये पाहिली. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषांनी शहराचा मोठा भाग बांधकामाच्या निर्बंधात येऊ लागला. व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी विरोध केला, आधी वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून उपोषण केले. गाळ निघाला, बाजारपेठही लोकांनी पदरच्या पैशाने, कर्जाने, नातेवाइकांच्या मदतीने काही महिन्यांत पुन्हा उघडली. या झटपट सावरण्याचे फार कौतुक झाले. मला ते पूर्ण रुचत नाही. दुकाने त्याच जागी, त्याच पातळीला उघडली. नदीला जागा किती द्यायची हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला. चिपळूणकरांचा हट्ट चुकीचा होता असे मी म्हणत नाही. रेषा आधी आली आणि बोलणे नंतर सुरू झाले, म्हणून तो हट्ट झाला. रेषा ओढण्याआधीचे बोलणे हेच सावकाश करायचे काम आहे, आणि तेच नेमके टाळले जाते.

तिसरा आक्षेप हिशेबनिसाचा. पैसे लगेच वाटले तर खोटे लाभार्थी घुसतील. घुसतील, यात शंका नाही. आपल्याकडे दुष्काळाच्या छावण्यांतही कागदावरची जनावरे चारा खाऊन गेली आहेत. पण लबाडी रोखण्याच्या नावाखाली जो विलंब होतो त्याची किंमत कोणी मोजत नाही. तीन महिने उशिरा आलेल्या मदतीत सावकाराचे व्याज असते, विकलेली दुभती म्हैस असते, शाळा सोडलेली मुलगी असते. खोट्या दाव्याचे पैसे नंतर वसूल करता येतात, यादी ग्रामसभेत वाचून दाखवली तर निम्मी लबाडी तिथेच उघडी पडते. उशिराचे नुकसान वसूल होत नाही. शिवाय कागदांच्या चाळणीत अडकतो तो बहुधा खरा गरीब. ज्याला खोटी कागदपत्रे करता येतात त्याचे कागद सर्वांत व्यवस्थित असतात.

आणि मग सर्वांच्या आवडीचा उपाय: एक धडाडीचा अधिकारी द्या, सगळे अधिकार द्या, सहा महिन्यांत गाव उभे करतो की नाही बघा. श्रीधरन यांचे नाव इथे हमखास येते. पुलासाठी हा उपाय अचूक आहे, वीजवाहिनीसाठी, पाण्याच्या टाकीसाठी, रस्त्यासाठीही. गावासाठी तो किती पुरतो हे कच्छने दाखवले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातने अधिकार असलेले स्वतंत्र प्राधिकरण नेमले, पण ग्रामीण भागात घरे बांधण्याचे काम बहुतांशी घरमालकांवर सोपवले: पैसे हप्त्यांनी थेट खात्यात, प्रत्येक टप्प्याला अभियंत्याची तपासणी, पुढचा हप्ता. इथे पैसा धावला. भूज शहराच्या दाट गावठाणात मात्र नगररचना योजना करायला वेळ घेतला. रस्ते रुंद करायला प्रत्येकाच्या जागेतून काही भाग घ्यायचा होता. मोठ्या भूखंडातून जास्त आणि अगदी लहानातून काहीच नाही किंवा नाममात्र, असा नियम ठरला आणि हरकती ऐकून नकाशे बदलले गेले. त्या काळात वर्तमानपत्रांनी भूजच्या रखडपट्टीवर रकाने भरले. आज तिथले गल्लीबोळ जाऊन रुग्णवाहिका शिरेल असे रस्ते आहेत ते त्या रखडपट्टीमुळे. धडाडीचा अधिकारी हवाच, पण त्याची धडाडी पैसे पोहोचवण्यात आणि अडलेले कागद सोडवण्यात खर्च व्हावी. गावाच्या वतीने गावाचा निर्णय घेण्यात नव्हे.

चक्रीवादळाचा हा विचार समुद्रापासून दूर, कोरड्या मनमाडमध्ये करण्याला कारण आहे. संथ आपत्ती कशी असते हे या गावाइतके कोणाला कळावे? वागदर्डी धरण आणि पालखेड कालव्याचे आवर्तन यांच्या भरवशावर सुमारे ८० हजारांचे शहर उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा नळाला येणाऱ्या पाण्यावर काढत आले. करंजवण धरणातून थेट जलवाहिनी यावी ही मागणी मंजुरीपर्यंत यायला वर्षानुवर्षे लागली. या काळात गाव थांबून राहिले नाही. ज्याला परवडले त्याने मोठी टाकी बांधली, बोअर घेतले, टँकर मागवले; ज्याला परवडले नाही त्याने ड्रम आणि हंडे भरून ठेवले. सार्वजनिक काम रखडले की प्रत्येक जण आपापल्या ऐपतीप्रमाणे खासगी उपाय करतो, आणि त्यातून विषमता पक्की होते. चिपळूणच्या बाजारात आणि न्यू ऑर्लिन्सच्या वस्त्यांत हेच झाले.

मनमाडवर समुद्र चालून येणार नाही. पण पानेवाडीला इंधन कंपन्यांचे साठे आहेत, शहराच्या मधून मालगाड्या जातात, आणि अतिवृष्टीचे स्वरूप आता सगळीकडेच बदलते आहे. उद्या एखादा भाग उद्ध्वस्त झाला तर रूळ दोन दिवसांत पूर्ववत होतील, याची खात्री बाळगावी. त्याच्या शेजारच्या वस्तीचे काय? रेल्वेच्या जागेवरची झोपडी, पागडीची खोली, वारसनोंद न झालेले जुने घर, चाळीतला भाडेकरू, यांची नोंद कोणत्या रजिस्टरात आहे? पंचनामा करायला येणारा माणूस ज्या कागदावर बोट ठेवेल तो कागद आज किती घरांत आहे? हे प्रश्न आपत्तीनंतर विचारले की उत्तराला दहा वर्षे लागतात. आधी विचारले तर एका नगरपरिषदेला, तिच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांसह, वर्ष-दोन वर्षांत उत्तर काढता येते. मालमत्ता कराच्या पुस्तकात मालकाबरोबर प्रत्यक्ष राहणाऱ्याचे नाव लिहावे, वारसनोंदीची शिबिरे प्रभागनिहाय घ्यावीत, आणि झोपडपट्टीतल्या प्रत्येक कुटुंबाची यादी प्रभागात जाहीर वाचून पक्की करावी. यासाठी वेगळे अनुदान लागत नाही, कोनशिलाही बसवता येत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते होत नाही. नगरपरिषदेच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना मनमाडकरांनी या तीन कामांची तारीख विचारावी.